डिकीचे शॉकअप : आखाजीत घेतले, मार्गशीर्षात कळले

अमळनेरला माझं फोटो-व्हिडिओचं काम आहे. गाडी २०१५ची एर्टिगा, मागची सीट कायम आडवी, त्यावर लाइट, स्टँड, बॅटऱ्या आणि ड्रोनची पेटी. लग्नसराईत डिकी दिवसाला तीस-चाळीस वेळा उघडते. शेवटी डिकीचं दार वर तोलून धरणाऱ्या दोन्ही गॅसच्या नळ्या, म्हणजे शॉकअप, निकामी झाले. डिकी वर करायची, डोक्यानं तोलून धरायची आणि दोन्ही हातांनी सामान काढायचं, असे दोन महिने काढले. मानेनं नकार दिला तेव्हा कुठे खर्च केला.

पहिली जोडी गेल्या वर्षी आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आठवड्यात ऑनलाइन मागवली, ६९० रुपयांत. बसवली, डिकी वर गेली, थांबली. मी लगेच पाच तारे देऊन मोकळा झालो. ते तारे मागे घ्यायला हे लिहितोय. डिसेंबरात धुळ्याच्या एका लग्नाला पहाटे साडेपाचला पोचलो. थंडी अशी की बोटं कॅमेऱ्याच्या बटणावर बसेनात. डिकी उघडली, ती अर्ध्यावर जरा विचार करत थांबली आणि सावकाश माझ्या पोऱ्याच्या खांद्यावर आली. दुपारी उन्हात तीच डिकी गुमान वर राहिली!

कारण साधं आहे. शॉकअपच्या नळीत दाबाखाली नायट्रोजन असतो आणि थोडं तेल. गार झालं की दाब उतरतो. ४३ अंशांच्या उन्हातून ८ अंशांच्या पहाटेत आलं की साधारण ११ टक्के जोर कमी होतो. चांगल्या मालाला एवढी घट चालते. माझी जोडी मे महिन्यातच कशीबशी काठावर पास झालेली. त्यात नळीतून आत-बाहेर होणाऱ्या एका दांडीवर तेलाचा ओघळ दिसला, म्हणजे सीलही गेलं होतं. आपल्या खान्देशात उन्हाळ्यात घेतलेल्या शॉकअपची परीक्षा उन्हाळ्यात होत नाही, एवढं मला ६९० रुपयांत समजलं.

पौषात लग्नं नसतात. सवड होती, म्हणून जुनी जोडी पिशवीत टाकून रेल्वेनं जळगावला गेलो. आधी गावातल्या एकानं 'गॅस भरून देतो' म्हटलं होतं. एवढ्या दाबाची बंद नळी भोक पाडून पुन्हा बंद करायची, हे मला पटलं नाही. जळगावच्या दुकानदारानं मॉडेल विचारलं आणि तेवढ्यावर न थांबता जुना शॉकअप टेपनं मोजला, एका टोकाला तो ज्या गोटीवर बसतो तिच्या मध्यापासून दुसऱ्या टोकाच्या गोटीच्या मध्यापर्यंत. मग नळीवरचा न्यूटनचा आकडा, म्हणजे तिचा जोर किती तो, चष्मा लावून वाचला. मी म्हटलं, जास्त जोराचा द्या ना, सामान जड असतं. तो म्हणाला, "भाऊ, सामान डिकीत असतं, डिकीच्या दारावर नाही." जास्त जोराचा लावला तर दार हनुवटीवर उसळतं आणि बंद करताना पत्र्यावर ताण येतो. १,४५० रुपयांत जोडी दिली, बिलासकट. एकच बदलू का, हेही विचारून पाहिलं. एक नवा, एक थकला तर दार तिरकं ओढलं जातं, म्हणाला.

बसवायला मेकॅनिक लागत नाही. लागतो तो दार धरणारा माणूस, किंवा माझ्यासारखं लाइट स्टँड. डिकी पूर्ण उघडून मधोमध स्टँड लावलं, पायावर वाळूची पिशवी ठेवली. तरी माय ओट्यावरून ओरडलीच, "डोकावर पडी ना ती!" मग तिलाच दार धरायला उभं केलं. मोबाइल दुरुस्तीचा चपटा स्क्रूड्रायव्हर गोटीजवळच्या तारेच्या क्लिपखाली घालायचा आणि क्लिप जरा उचलायची. पूर्ण काढायची नाही, नाहीतर ती उडून नालीत जाते. माझी एक गेली. मग शॉकअप बाहेर ओढला की टक्कन सुटतो. एका बाजूचा नवा बसल्याशिवाय दुसऱ्या बाजूला हात लावायचा नाही.

गोटी फडक्यानं पुसली, बोटभर ग्रीस लावलं, नवा दाबला, पुन्हा टक्. नवा शॉकअप हातानं दाबून आखूड होत नाही, मी लोंबकळून पाहिलं. म्हणून दार पूर्ण वर असतानाच बसवायचा. लांबी जुळेना तर शॉकअपशी भांडू नये, दार बोटभर वर उचलावं.

दुसरा मी उलटा लावला होता. समोरचे आप्पा दूध घेऊन चालले होते, थांबले. "काय करी ऱ्हायना रे भाऊ, एक बारीक बाजू वर नि एक खाले?" बरोबर होतं त्यांचं. डिकी बंद असताना बारीक दांडी खाली हवी, म्हणजे तेल सीलवर राहतं आणि सील सुकत नाही. पुन्हा काढला. सगळं मिळून पाऊण तास, त्यात आप्पांचा चहा धरलेला.

ही जोडी जानेवारीच्या पहाटा आणि यंदाच्या आखाजीचं ऊन, दोन्ही काढून बसली आहे. एका बोटानं दार उचललं की निम्म्यानंतर स्वतः जातं, वर पोचताना शेवटी मंद होतं, आपटत नाही. चार तारे. पाचवा कापला, कारण नळीवरचा काळा रंग एका बाजूला सुटायला लागलाय आणि बंद करायला पहिल्यापेक्षा जोर लागतो. माय दोन्ही हातांनी अक्षरशः लटकते.

जुने चारही शॉकअप भंगारवाल्याला देताना सांगितलं, यांना कटर लावू नको, आगीत टाकू नको, आत दाब असतो. त्यानं ते वेगळे ठेवले आणि भाव मात्र लोखंडाचाच दिला. लाइट स्टँडच्या टोकाची रबरी टोपी दाराच्या भारानं फाटली, ती अजून कुठे मिळालेली नाही.