मात्सायकर की स्कोमर?
बेटाची राखण करायला जायचंय, पण टास्मानियाचं मात्सायकर की वेल्सचं स्कोमर, असा पेच असेल तर आधी मुक्काम पाहा. मात्सायकरवर दोघांची जोडी सहा महिने राहते. हेलिकॉप्टरने पोचायचं, किराणा सुरुवातीलाच भरून न्यायचा. कामं म्हणजे हवामानाच्या रोजच्या नोंदी, १८९१च्या दीपगृहाची देखभाल आणि गवत कापणं. गवत तर संपतच नाही! स्कोमरला होडीने जाऊन स्वयंसेवक आठवडाभर राहतात. तिथे सांभाळायची ती माणसं: पर्यटकांना पायवाट सोडू द्यायची नाही. बाजूची जमीन पफिन आणि शिअरवॉटर या समुद्रपक्ष्यांच्या बिळांनी पोखरलेली असते. एक पाऊल चुकलं की बीळ पिल्लासकट ढासळतं. एकांत झेपणाऱ्या जोडीने मात्सायकर घ्यावं. रजा थोडी आणि पक्ष्यांची ओढ मोठी असेल, तर स्कोमरच, मे-जूनमध्ये जा.