तळघरातले उंदीर: आठ महिने, सहा चाप आणि एक निळं मशीन

मागच्या जुलैत उंदीर पळवायचं मशीन मागवलं आणि चौथ्या दिवशीच त्याला पाच स्टार देऊन मोकळा झालो. ते चुकलंच माझं. आता मार्च चालू आहे, मधल्या आठ महिन्यांत मशीन, पिंजरा, चिकट पॅड, विषाची वडी, चाप, जाळी, सिमेंट असं सगळं करून झालंय, तर कशाचा उपयोग झाला आणि कशाचा नाही ते नीट लिहितो. लांबलंय, पण पैसे घालवायच्या आधी वाचा.

घर कोल्हापुरात, राजारामपुरीत, वडिलांनी बांधलेलं, प्लॉट उताराचा म्हणून मागच्या अंगाला तळघर आपोआपच निघालं. त्यात काय नाही ते विचारा. वर्षाचा शाळू, आजऱ्याचा घनसाळ तांदूळ, गुळाचे रवे, आईच्या चटणीच्या बरण्या, गणपतीचं मखर, पाहुण्यांच्या गाद्या आणि कोपऱ्यात पाण्याची मोटर. म्हणजे उंदरांना जावयासारखी बडदास्त, खायला गूळ आणि झोपायला कापूस.

पाऊस लागला आणि आषाढात एक दिवस मोटर बंद पडली. वायरमननं वायर हातात धरून दाखवली, वरचं प्लास्टिक सोलून आतलं तांबं उघडं पडलेलं, म्हणला, "साहेब, हे दाताचं काम हाय." त्याच संध्याकाळी शाळूचं पोतं उचललं तर खालनं दाण्यांची धार लागली. उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढत असतात म्हणून त्याला सारखं काहीतरी कुरतडावं लागतं, भूक असो नसो, त्यामुळं वायरला खायला काय चव असते वगैरे विचार करत बसू नका.

आधी एक गोष्ट बघा जी मी बघितली नाही. लेंड्या. तांदळाच्या दाण्याएवढ्या असतील तर घरातला लहान उंदीर, त्याच्या दुप्पट-तिप्पट असतील तर मोठा, आणि बाहेर मातीचे ढीग निघत असतील तर घूस, तिचं प्रकरणच वेगळं. आमच्याकडे लहान उंदीर होते आणि मी बाजारातनं आणत होतो मोठ्या उंदराची हत्यारं.

तर मशीन. नऊशे रुपये, प्लगला लावायचं, निळा लाईट लागतो, माणसाला ऐकू येत नाही असला आवाज सोडतं आणि त्यानं उंदीर पळतात म्हणे. पहिले चार दिवस खरंच खाली एकदम शांत. नंतर लक्षात आलं की मशीन लावलं त्याच दिवशी आम्ही सगळी पोती हलवून तळघर झाडून काढलेलं, उंदीर बिचकलेले त्या धावपळीला, मशीनला नाही. आठवड्यानं मशीनच्या बरोबर खाली फरशीवर रांगोळी पसरून ठेवली आणि सकाळी बघितलं तर त्यावर पावलांची नक्षी, शेपटीच्या रेघेसकट. हा आवाज आडोशापलीकडं जातच नाही, पोती आणि गाद्या तो गिळून टाकतात, आणि जो काय ऐकू येतो त्याची उंदरांना सवय होते. अमेरिकेत तर 2001 सालीच तिथल्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी खात्यानं असली मशीनं बनवणाऱ्या-विकणाऱ्या साठाच्या वर कंपन्यांना पत्रं पाठवून बजावलेलं की दावे करताय तर शास्त्रीय पुरावा हाताशी ठेवा. मला हे कळलं नऊशे रुपये गेल्यावर. रांगोळीची युक्ती मात्र फुकटची आणि लई भारी आहे, उंदीर कुठनं येतो कुठं जातो सगळं दिसतं.

मग लक्ष्मीपुरीतनं तारेचा पिंजरा आणला, दोनशे वीस रुपये. आत गरम भजी टांगली. पहिल्या रात्री सापडली चिचुंद्री. आईनं वरनंच ओरडून सांगितलं, "तिला मारू नगंस, लक्ष्मी असते ती." बरोबरच होतं तसं बघितलं तर, चिचुंद्री म्हणजे उंदीर नव्हेच, ती किडे-झुरळं खाते, तिला सोडून दिली. दुसऱ्या रात्री परत तीच, बहुतेक तिला भजी आवडलेली. तिसऱ्या रात्री पिंजऱ्याचं दार पडलेलं, भजी गायब आणि आत कोणीच नाही. हे तीनदा झाल्यावर डोक्यात उजेड पडला, तारांमधली फट अर्ध्या इंचाच्या वर आहे आणि लहान उंदीर त्यातनं आरामात बाहेर पडतोय. महिन्याभरात जे दोन सापडले ते अंगानं भरलेले होते म्हणून अडकले. ते लांब टेंबलाईच्या टेकडीवर नेऊन सोडले. शेजारच्या गल्लीत सोडू नका, तुमच्या आधी घरी पोचतात.

चिकट पॅड एकच रात्र वापरला आणि परत वापरणार नाही. उंदीर रात्रभर किंचाळत होता, बायको म्हणाली हे माझ्यानं ऐकवत नाही, आणि दुसऱ्या पॅडला एक पाल चिकटलेली, ती गोडेतेल लावून अर्धा तास खपून सोडवली. जीव घ्यायचाच असेल तर पटकन घ्यावा, हे असलं हाल करणं बरोबर नाही. शिवाय तळघरात धूळ, पॅड दोन दिवसात नुसता पुठ्ठा होऊन बसतो.

विषाची वडी म्हणजे ब्रोमाडायोलोनवाली, निळ्या-हिरव्या रंगाची मिळते. हिनं उंदीर मरतो, खोटं कशाला बोलू, पण लगेच नाही, रक्त गोठायचं बंद होऊन तीन-चार दिवसांनी मरतो आणि तोवर तो आपल्या जागी जाऊन बसलेला असतो. दुकानदार म्हणाला होता पाणी शोधत घराबाहेर जाऊन मरतो. आमचा गेला पायऱ्यांच्या मागच्या पोकळीत. बारा दिवस वास, ऐन श्रावणात, वर आईचे उपास. ज्यांच्या घरात कुत्रं-मांजर आहे त्यांनी तर दहादा विचार करा, मेलेला उंदीर मांजरानं खाल्ला तर तिलाही बाधतं. या वडीवर निदान व्हिटॅमिन के चा उतारा असतो, डॉक्टरकडं जाताना वडीचं पाकीट सोबत न्यायचं. शेतात वापरतात ती काळी पावडर, झिंक फॉस्फाइड, आणि ट्यूबमधली पिवळ्या फॉस्फरसची पेस्ट, यांना उतारा नाही. धान्य ठेवलेल्या घरात आणू नका, कोणी फुकट दिली तरी नको.

एवढ्यात गणपती आले. मखर काढायला खाली गेलो तर त्याच्या थर्माकोलमध्ये पाच गुलाबी पिल्लं. आई म्हणाली, "वर बाप्पा बसणार आणि खाली त्याच्या गाडीला तुम्ही विष घालताय व्हय?" याला काही उत्तर नाही. गौरी-गणपती होईपर्यंत युद्धबंदी. त्या पंधरवड्यात काय झालं असेल ते बघा, मादी साधारण वीस दिवसांत विते, एका वेळी पाच-सहा पिल्लं, आणि ती पिल्लं दीड-दोन महिन्यांत स्वतः वीण करायला तयार. आठवड्याला एक-दोन पकडून आपण जिंकतोय असं वाटतं पण तसं नसतं, खाली पाळणाघर चालू असतं.

ऑक्टोबरमध्ये गच्चीच्या गळतीसाठी गवंडी मामा आलेले, त्यांना सहज तळघर दाखवलं. ते चाप-बिप काही बघेनात, म्हणले, "भोकं किती हाईत ते मोजलासा काय?" मोजली नव्हती. चार महिने उंदराच्या मागं धावलो पण तो आत कुठनं येतोय हे बघायचं सुचलंच नाही. मामांनी भर दुपारी तळघराचे दिवे घालवायला लावले, दार बंद, आणि पाच मिनिटं नुसतं उभं राहायला सांगितलं. डोळे सरावले तशी भिंतीत एकेक चांदणी दिसायला लागली. मोटरच्या पाईपभोवती, वायर आत येते तिथं, दाराच्या खाली, झरोक्याच्या मोडक्या जाळीत, जोत्याच्या दोन दगडांमध्ये. चौदा भोकं. पेन्सिल ज्यातनं जाते त्यातनं लहान उंदीर जातो, कवटी गेली की पाठोपाठ अंग जातंच, म्हणजे सहा-सात मिलिमीटरची फटसुद्धा दरवाजाच समजायची.

मी आधी हौसेनं फोमचा स्प्रे आणून दोन भोकं भरली. तीन दिवसात त्यांनी फोम कुरतडून परत रस्ता केला, खाली पिवळा भुगा पडलेला. मामा हसले. त्यांची पद्धत साधी, भांडी घासायच्या तारेच्या घासण्या भोकात गच्च कोंबायच्या आणि वरनं सिमेंट मारायचं. घासणी स्टेनलेसची घ्या, साधी लोखंडी घेतली तर आपल्याकडच्या पावसात गंजून चुरा होते. झरोक्याला पाव इंची वेल्डमेश जाळी, अर्ध्या इंचाची नको, तिच्यातनं जातात. दाराच्या खाली रबरी पट्टी होती ती आधीच कुरतडलेली, तिच्या जागी अॅल्युमिनियमची पट्टी. सांडपाणी जायच्या भोकावर, म्हणजे नहाणी ट्रॅपवर, स्क्रूनं बसणारी स्टीलची जाळी. सामान आणि मजुरी धरून साडेतीन हजार गेले, दीड दिवसाचं काम.

पण नुसती भोकं बुजवली तर आतले आतच राहतात, म्हणून त्याच रात्री चाप लावले. खटक्याचे, स्प्रिंगवाले, सहा नग, सत्तर रुपयाला एक. भिंतीला आडवे लावायचे, खाण्याची बाजू भिंतीकडं, कारण उंदीर मोकळ्यावर फिरत नाही, भिंतीला अंग घासत पळतो. दोन चापांमध्ये सात-आठ फुटांचं अंतर पुरतं. आमिष म्हणजे काकवीत मळलेलं शेंगदाण्याचं कूट, वाटाण्याएवढंच, आणि ते दोऱ्यानं बांधून टाकायचं, नाहीतर खटका न उडवता चाटून जातात. भजी, चीज, सुकट सगळं करून बघितलं, काकवीला तोड नाही, शेवटी कोल्हापूरचेच उंदीर ते. पहिल्या आठवड्यात नऊ, दुसऱ्यात चार, तिसऱ्यात एक. नोव्हेंबरच्या मध्यानंतर शून्य.

चापांची तक्रार आहे एक. तीन महिन्यांत सहापैकी दोन गंजून ढिले पडले, खटका उडतो पण जोर नाही. शिलाई मशीनचं तेल लावत राहावं लागतं. आणि माझा अंगठा दोनदा सापडलाय. लहान पोरं असलेल्या घरात उघड्यावर ठेवू नका, आम्ही वरनं भोकं पाडलेला पुठ्ठ्याचा खोका झाकतो.

सगळ्यात जास्त पैसे गेले कोठ्यांना. घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या दोन कोठ्या, सहा हजार. शाळू आणि तांदूळ त्यात, गूळ स्टीलच्या पिंपात, गाद्या वरच्या खोलीत, पुठ्ठ्याचे खोके रद्दीवाल्याला. बायकोचं म्हणणं हे ती पाच वर्षं सांगत होती. सांगत होती, खरं आहे.

साफसफाईचं तेवढं मनावर घ्या. वाळक्या लेंड्या झाडूनं उडवायच्या नाहीत, ती धूळ नाकात जाते. हातमोजे, तोंडाला मास्क, एक भाग ब्लीच आणि दहा भाग पाणी करून ते मारायचं, पाच-दहा मिनिटं भिजू द्यायचं, मग फडक्यानं पुसायचं. पावसाळ्यात तळघरात पाणी साचत असेल तर अनवाणी उतरू नका, उंदराच्या लघवीनं लेप्टो नावाचा ताप होतो, पायाला खरचटलेलं असलं की बास.

जानेवारीत परत एक चाप वाजला. पोटात गोळाच आला, टॉर्च घेऊन चौदाच्या चौदा जागा तपासल्या, सिमेंट जसंच्या तसं. तो बहुतेक तांदळाच्या पोत्याबरोबर टेम्पोतनं आला असावा. तेव्हापासून नवीन पोतं आधी अंगणात मोकळं करतो, मगच खाली. दर महिन्याला एकदा रांगोळी टाकून बघतो, दोन चाप कायम लावलेले असतात. खरी परीक्षा जूनमध्ये पाऊस लागल्यावर, तेव्हा काय झालं ते लिहीन.

स्टार द्यायचेच तर चापाला चार, जाळी-सिमेंटला पाच, कोठ्यांना पाच, पिंजऱ्याला दोन, आणि मशीनचे आधी दिलेले पाच परत घेतोय. मशीन आता आमच्याकडं नाही. शेजारच्या काकांनी मागच्या आठवड्यात मागून नेलं, मी सगळं सांगूनही. काल जिन्यात भेटले, म्हणले, चार दिवस झाले, एकदम शांत हाय बघ.