पहिलं घर: रीसेलला ऑफर द्यावी की बिल्डरकडे बुकिंग करावं?

मावसभावाचा पुण्यात सध्या हाच घोळ चाललाय. ब्रोशरमधला स्विमिंग पूल बाजूला ठेवून बघू.

भाव: रीसेलमध्ये घासाघीस खरी होते. ऑफर देण्याआधी त्याच सोसायटीतल्या अलीकडच्या व्यवहारांचे इंडेक्स-टू (नोंदणी कार्यालयातला खरेदीचा उतारा) काढा. मालकाचा आकडा आणि नोंदलेला आकडा यांत बरंच अंतर असू शकतं. बिल्डर दर सहसा हलवत नाही, फार तर मॉड्युलर किचन पदरात टाकतो. वर बांधकाम चालू असेल तर ५ टक्के जीएसटी (परवडणाऱ्या घरांना १). रीसेलला तो नाही. स्टॅम्प ड्युटी दोन्हीकडे आहेच.

टोकन: नोंदणीकृत कराराआधी बिल्डरला १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही, रेरा (स्थावर मालमत्ता नियमन) कायद्याचं कलम १३. रीसेलला हे कवच नाही. म्हणून पावतीवरच लिहून घ्या: कर्ज नामंजूर झालं किंवा कागदांत खोट निघाली तर टोकन परत. ‘आपलाच माणूस आहे’ यावर पैसे देऊ नका.

कटकट: रीसेलला जास्त. शेअर सर्टिफिकेट (सोसायटीच्या सभासदत्वाचा दाखला), सोसायटीची एनओसी, मालकाचं जुनं कर्ज.

भाडं भरताय आणि लगेच राहायला जायचंय, तर रीसेल. घाई नाही आणि पैसे टप्प्याटप्प्याने उभे राहणार असतील, तर महारेराच्या (राज्याचं रेरा प्राधिकरण) वेबसाइटवर ताब्याची तारीख बघून बुकिंग.