१० इंची पोर्टेबल टेबल सॉ: मशीन झकास, पुश स्टिक फालतू

घरच्या वर्कशॉपसाठी हा टेबल सॉ, म्हणजे टेबलातून वर आलेल्या गोल फिरत्या ब्लेडवर लाकूड सरकवून कापायचं मशीन, घेतलाय, बरंच काम काढून मग लिहितोय. पॉवरची तक्रार नाही, दोन इंची लाकूड आरामात कापतो, आवाज मात्र कान किटवणारा, इअरमफ हवेतच.

सगळ्यात आवडलं ते रायव्हिंग नाइफ. ब्लेडच्या मागची ती पातळ पट्टी हो, ब्लेड वरखाली केलं की तीपण सोबत वरखाली होते. तिचं काम एकच, कापलेली चीर मिटू द्यायची नाही. चीर मिटली की लाकूड ब्लेडच्या मागच्या दात्यांना चिकटतं, ते दाते खालून वर येत असतात त्यामुळे लाकूड उचललं जातं आणि सरळ तुमच्या अंगावर येतं, ह्यालाच किकबॅक म्हणतात, आणि हे इतकं झटकन होतं की हात मागे घ्यायला वेळच नसतो. म्हणून सॉ घेताना वॉट नंतर बघा, आधी हे बघा. नवीन ब्लेड आणताना नाइफवर छापलेली जाडी पण वाचा, नाइफ ब्लेडच्या पत्र्यापेक्षा जाड आणि दात्यांच्या कापापेक्षा बारीक पाहिजे, नाहीतर लाकूड नाइफलाच अडतं आणि माणूस वैतागून ती काढून ठेवतो.

फेन्स, म्हणजे लाकूड टेकवून सरळ सरकवायची ब्लेडच्या बाजूची पट्टी, ठीकठाक. लॉक करताना मागचं टोक किंचित आत सरकतं, म्हणजे लाकूड फेन्स आणि ब्लेडच्या मधे दाबलं जाणार! दर वेळी पुढून मागून मेजरिंग टेप लावून बघावं लागतं, कंटाळा येतो राव.

हात ब्लेडपासून लांब ठेवून लाकूड ढकलायची सोबतची प्लास्टिकची पुश स्टिक तर शोभेची. नुसती मागून ढकलते, वरून दाब देत नाही, पुढचं टोक उचललं जातं. प्लायच्या तुकड्यातून बुटाच्या आकाराचा लांब पुश ब्लॉक बनवून घ्या, कापला गेला तरी दुसरा बनवता येतो.

माइटर गेज, म्हणजे आडव्या कापासाठी लाकूड हव्या त्या कोनात धरून सरकवायची पट्टी, चालतं, फक्त आडवा काप घेताना फेन्सला टेकवून लांबी धरू नका, सुटा तुकडा मधे अडकून उडतो. मॅन्युअलमध्ये हे आहे पण कोण वाचतंय.

स्विचला फुल मार्क, मोठा लाल पॅडल, गुडघ्याने पण बंद होतो, लाईट जाऊन परत आली तर आपोआप सुरू होत नाही.

बोट लागलं की ब्लेड थांबवणारी सिस्टीम ह्यात नाही. ती हवी असेल तर सॉस्टॉपसारखं महागडं मशीन बघा, पण किकबॅक तीपण रोखत नाही हां. आणि हातमोजे घालून चालवायचा विचार पण नको, धागा दात्यात अडकला की हातच ओढला जातो.

५ पैकी साडेतीन स्टार. अर्धा फेन्सचा कापला, एक पुश स्टिकचा.