मधपेटीसाठी ‘मुरवलेलं सागवान’ घेताय? आधी हे वाचा

चोपडा, यावल, शिरपूरकडे कांद्याचं बियाणं घेणारे आता मधपेट्या घरीच ठोकायला लागलेत. कांद्याच्या एकाच फुलात परागकण आधी पिकतात आणि स्त्रीकेसर नंतर, त्यामुळे माशीशिवाय बी नीट भरत नाही. करवत, रंधा, गुण्या, पटाशी एवढ्यावर पेटी बनते, हे अगदी खरं आहे. पण मला ज्याने लाकूड दिलं त्याने सरळ सरळ फसवलं, आणि तोच माल अजून विकला जातोय.

कृषी प्रदर्शनात त्याचा स्टॉल होता. मापात कापलेल्या फळ्या, ‘मुरवलेलं (म्हणजे आधीच पुरतं वाळवलेलं) सागवान, वाळवी लागणारच नाही, फक्त खिळे ठोका’. मांडलेला नमुना अस्सल सागाचा होता. अर्धे पैसे आगाऊ घेतले. टेम्पोने माल घरी आला तेव्हा सगळ्या फळ्या एकसारख्या तपकिरी आणि हाताला जड. आमच्या गल्लीतल्या सुतारदादांनी एक उचलून पाहिली, “भाऊ, हाई लाकूड वलं शे.” स्टॉलवाल्याला फोन केला तर म्हणतो, “दादा, सागात तेल असतं, म्हणून जड लागतं.” सागात तेल असतंच. खऱ्यात खोटं कालवून बोलायची त्याची हातोटीच होती.

ओलं लाकूड वाळताना लांबीत जवळजवळ कमी होत नाही, रुंदीत मात्र आकसतं. मधपेटीत सगळा खेळ मिलिमीटरचा. आजची मधपेटी घडवणाऱ्या अमेरिकेच्या लँगस्ट्रॉथने १८५१ मध्ये हेच हेरलं होतं की माशा साधारण ६ ते ९ मिलिमीटरची फट मोकळी ठेवतात. त्याहून कमी असली तर डिंकासारख्या राळेने बुजवतात, जास्त असली तर तिथे आडवं पोळं बांधतात. माशा ज्यांत पोळं बांधतात त्या लाकडी चौकटी पेटीत टांगलेल्या असतात; दहा चौकटींच्या पेटीच्या कोठीची उंची ९ ५/८ इंच लागते. आमच्या उन्हात फळ्या जवळपास पाव इंच आकसल्या, चौकटी खाली टेकल्या, सांधे उघडले. चौकट उचलायला गेलं की पोळं फाटायचं.

तेही सोसलं असतं. पेटीत माशांची वसाहत ठेवल्यावर दारासमोर मेलेल्या माशांचा थर साचू लागला, काही जमिनीवर थरथरत गोल फिरत होत्या. शेजारच्या शेतात त्या दिवसांत फवारणी नव्हती. शेवटी स्टॉलवाल्याच्या गोदामातल्या एका मजुराने सांगितलं: वाळवी लागू नये म्हणून फळ्या क्लोरपायरीफॉसच्या पाण्यात बुडवतात, मग वरून रंग. हे वाळवीचं औषध माशीलाही तितकंच मारक आहे, आणि पेटीच्या आतल्या बाजूलाही ते लागलेलं होतं. ज्या जिवांसाठी घर बांधलं त्यांनाच त्यात मारलं गेलं, याचा राग माझ्या मनातून अजून जात नाही.

घेण्यापूर्वी फळीवर विक्रेत्यासमोरच रंध्याचा एक हात मारा. रंग लावलेला असेल तर छिलका निघताच खाली पांढुरकं लाकूड दिसतं. सागाच्या गाभ्याचा सोनेरी तपकिरी रंग आतपर्यंत असतो. ओल्या फडक्याने पुसा, फडकं रंगलं तर परत करा. एक तुकडा घरी आणून वजन करा, सावलीत हवेशीर ठेवा, पुन्हा वजन करा. घटत राहिलं तर लाकूड ओलं आहे. रॉकेलसारखा किंवा औषधाचा वास आला तर फुकट दिलं तरी नको. पॅकिंगच्या खोक्यांचं लाकूड वापरणाऱ्यांनी शिक्का बघावा: ‘एचटी’ म्हणजे उष्णतेने प्रक्रिया केलेलं, ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेलं. ‘एमबी’वालं घेऊ नका. साग परवडत नसेल तर चांगली वाळलेली शिवण चालते. रंग फक्त बाहेरून द्या.

आणि बिल. मला मिळालेल्या कच्च्या पावतीवर नुसतं ‘पेटी साहित्य’ लिहिलंय, त्यावरून सागाचा दावा सिद्ध करणं अवघड जातंय. जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, मी केली आहे. तुम्ही बिलावर ‘सागवान, वाळवलेलं, रसायन न लावलेलं’ एवढे शब्द लिहून घ्या. खरा व्यापारी ते लिहून देतो. माझ्या नंतरच्या लाकडाच्या बिलावर वखारवाल्याने न कुरकुरता लिहून दिले.