रोटरी इंजिनाचं कॉम्प्रेशन उतरल्यानंतरचे अकरा महिने

गाडी सकाळी एका सेल्फमध्ये सुरू होते. तासभर मस्त चालते. मग पेट्रोल भरायला बंद केली की दहा मिनिटांनी सेल्फ नुसता फिरत राहतो, इंजिन काही पकडत नाही. मागचा माणूस हॉर्न वाजवतो आणि कुणीतरी येऊन सांगतं, ‘बॅटरी गेलीय.’ बॅटरी गेलेली नसते, इंजिनाचं कॉम्प्रेशन, म्हणजे आत कोंडलेल्या हवेचा दाब, उतरलेलं असतं. अर्धा तास थांबलं की तीच गाडी निमूट सुरू होते.

माझ्याकडे माझदाची जुनी आरएक्स-८ आहे, सहा गिअरची. इंजिन रेनेसिस नावाचं, रोटरी : पिस्टनऐवजी गोल फिरणारे दोन तिकोनी रोटर, प्रत्येकी ६५४ सीसी. मी घेतली तेव्हाच गाडीला वय झालं होतं आणि आधी कुणी कशी वापरली हे मला ठाऊक नाही, त्यामुळे खापर कुणावर फोडत नाही. गेल्या अकरा महिन्यांत ६,४०० किलोमीटर चालवली. त्यात कॉम्प्रेशन मोजायचा टेस्टर घेतला, सेल्फ बदलला, कॉइल बदलल्या, पेट्रोलमध्ये ऑइल घालायला लागलो. कशाचा उपयोग झाला आणि कशाने मी स्वतःला फसवलं, ते लिहितो.

आधी टेस्टरबद्दल, कारण सगळ्यात कामाची वस्तू तीच निघाली. पिस्टनच्या गाडीचा साधा गेज इथे जवळपास निरुपयोगी. रोटर तीन बाजूंचा, म्हणजे एका रोटरमध्ये तीन वेगळी चेंबर. साध्या गेजमध्ये हवा कोंडून ठेवणारा वाल्व असतो, त्यामुळे तो तिघांतल्या सगळ्यात चांगल्या चेंबरचा आकडा धरून बसतो आणि आजारी चेंबर लपून राहतं. तो वाल्व काढून सुईच्या उड्या मोजता येतात. मीही सुरुवातीला तेच केलं. उडी कमी-जास्त आहे एवढं कळतं, किती ते नीट कळत नाही. रोटरीचा इलेक्ट्रॉनिक टेस्टर तिन्ही बाजूंचे वेगवेगळे आकडे देतो, इंजिन किती आरपीएमने फिरत होतं ते सांगतो आणि आकडा २५० आरपीएमला आणून दाखवतो. हे शेवटचं लक्षात ठेवा, पुढे त्याचीच गोष्ट आहे.

रेनेसिससाठी प्रमाण असं : २५० आरपीएमला ८.३ बार (बार हे दाबाचं माप) उत्तम, ६.८ ही खालची मर्यादा. एकाच रोटरच्या बाजूंमध्ये १.५ पेक्षा जास्त आणि दोन रोटरमध्ये १ बारपेक्षा जास्त फरक नको. माझं पहिलं रीडिंग, इंजिन पूर्ण गरम, बॅटरी भरलेली, ॲक्सिलरेटर दाबलेला : पुढचा रोटर ७.०, ६.९, ७.१. मागचा ६.६, ६.७, ६.१.

पुढचा काठावर पास, मागचा नापास. पण हे आकडे वाचायचीही एक रीत आहे. रोटरच्या टोकावरचं अपेक्स सील, म्हणजे हवा गळू न देणारी पट्टी, शेजारच्या दोन बाजूंच्या मधोमध असतं, त्यामुळे ते गेलं तर दोन बाजू एकदम पडतात. साइड सील, म्हणजे रोटरच्या सपाट अंगावरची पट्टी, एकाच बाजूचं असतं. तिन्ही सारख्या उतरल्या असतील तर एकूण झीज, किंवा कार्बनने सगळीच सीलं जागच्या जागी चिकटलेली. माझ्या मागच्या रोटरची एकच बाजू वेगळी पडत होती, म्हणजे संशय साइड सीलवर. या इंजिनात ते पटण्यासारखंही आहे. माझदाच्या आधीच्या १३बी रोटरी इंजिनांत एक्झॉस्टचं तोंड रोटर हाउसिंगच्या (रोटर ज्यात फिरतो त्या कवचाच्या) परिघावर होतं, रेनेसिसमध्ये ते बाजूच्या प्लेटमध्ये आणलं. जळका वायू थेट साइड सीलच्या वाटेवरून बाहेर जातो आणि काजळी तिथेच साचते.

आता माझा शहाणपणा. गरम इंजिन सुरू होत नाही म्हणून दुसऱ्या महिन्यात ताकदवान सेल्फ बसवला. काय सांगू, जादूच! पंपावर बंद करा, टपरीवर बंद करा, एका दमात सुरू. मग हौसेने टेस्टर लावला. स्क्रीनवर मोठ्या अक्षरात ६.६! पहिल्या वेळी त्याच जागी, त्याच बाजूला ५.६ दिसलं होतं. एक बार वाढलं म्हणून मी फोटो काढून मित्राला पाठवला. त्याचं उत्तर आलं, ‘अरे, खालची ओळ वाच की.’

खालच्या ओळीत बारीक अक्षरात खरा आकडा होता. जुना सेल्फ इंजिन २१८ आरपीएमने फिरवत होता, नवा २८६ ने. जोरात फिरवलं की हवेला गळायला वेळ कमी मिळतो आणि दाब जास्त दिसतो. दोन्ही २५० ला आणले तर पहिल्या वेळी ६.१ आणि आता ६.०. इंजिन सुधारलं नव्हतं, किंचित उतरलंच होतं. मी फक्त त्याचा खोकला दाबला होता. टेस्टर बनवणाऱ्याला एकच विनंती, खालची ओळ वर घ्या.

तरी सेल्फ काढून टाका असं म्हणणार नाही. रोज वापरायची गाडी असेल तर पैसे वसूल होतात. फक्त ‘गरम असताना पटकन सुरू होते’ ही इंजिनाच्या तब्येतीची खूण म्हणून आता चालत नाही. जुनी रोटरी विकत घेताना तर मुळीच नाही. तसंच, टेस्टच्या आधी चेंबरमध्ये थोडं ऑइल गेलेलं असेल तर फटी बुजतात आणि आकडा चांगला येतो. तेव्हा गाडी फिरवून, गरम करून, आपल्या डोळ्यांदेखत टेस्ट करून घ्या आणि आरपीएम विचारा.

प्लगला ठिणगी देणाऱ्या कॉइल चार असतात, चारही बदलल्या, प्लगही. मिसिंग गेलं, पिकअप सुधारला. कॉम्प्रेशनला त्याचा थेट फायदा शून्य, तरीही मी हे काम सगळ्यात आधी करायला हवं होतं. कॉइल कमजोर पडली की न जळलेलं पेट्रोल कॅटमध्ये (एक्झॉस्टमधला धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) जाऊन पेटतं, कॅट वितळून चोंदतो आणि एक्झॉस्टची उष्णता मागे इंजिनातच कोंडते. सीलं त्यात भाजतात. माझा कॅट अजून मोकळा आहे, नशीब.

पेट्रोलमध्ये टू-स्ट्रोक ऑइल घालतो, साधारण २०० ला १, म्हणजे ५० लिटरला पाव लिटर. रोटरी स्वतःही चेंबरमध्ये इंजिन ऑइल सोडते, तशीच तिची रचना आहे. सुरुवातीच्या रेनेसिसमध्ये प्रत्येक रोटरला दोन नोझल होते, २००९ च्या मॉडेलपासून तीन झाले. माझी दोनवाली. ऑइल घातल्याने गेलेलं कॉम्प्रेशन परत येत नाही, आणि पुढची झीज किती थांबली हे एका गाडीवरून कसं सांगणार? मला धीर येतो म्हणून घालतो, असंच समजा. इंजिन ऑइल मात्र दर दुसऱ्या टाकीला डिपस्टिक काढून बघतोच. माझी गाडी १,२०० किलोमीटरला अर्धा लिटर पिते.

कार्बन सैल व्हावा म्हणून चौथ्या महिन्यात गरम इंजिनाला व्हॅक्यूमच्या पाइपातून बारीक धारेने पाणी पाजलं. धूर निघाला, शेजारी जमले. रीडिंग ६.० वरून ६.२, पुढच्या महिन्यात पुन्हा ६.१. इतका फरक बॅटरीच्या चार्जने आणि इंजिनाच्या तापमानानेही पडतो, म्हणून मी त्याला यश म्हणत नाही.

सवयी मात्र बदलल्या. थंड गाडी दोन फूट पुढे घेऊन लगेच बंद करायची नाही, कारण प्लग पेट्रोलने भिजतात आणि आधीच अशक्त इंजिन मग उठतच नाही. भिजलेच तर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारायचा, त्याने इंजेक्टर बंद राहतात आणि चेंबर वाळतं. गाडी पूर्ण गरम झाली की रोज एकदा तरी आठ हजारांपर्यंत रेस करतो. इंजिनाची लाल रेघ नऊ हजारांवर आहे, आणि हळू चालवून ते जपलं जाईल हा पिस्टनवाल्यांचा समज इथे उलटा पडतो.

इंजिन खोलायचं का? गॅरेजमध्ये विचारलं तर ‘सीलं बदलू, झालं’ असं उत्तर मिळालं. इतकं सोपं नाही ते. इथे बोअर मारून मोठी रिंग टाकायची सोय नसते. हाउसिंगच्या आतला क्रोमचा थर सोलला असेल तर नवं हाउसिंगच लागतं, आणि ते उघडल्याशिवाय कळत नाही. माझदाने १९६७ मध्ये कॉस्मो स्पोर्ट ही रोटरी गाडी आणली, त्याआधी तिथे रोटरीवर काम करणाऱ्या केनिची यामामोतोंच्या इंजिनिअरांना याच आतल्या भिंतीने छळलं होतं. तिच्यावर अपेक्स सीलचे ओरखडे उठायचे, त्यांना ते ‘सैतानाच्या नखांचे ओरखडे’ म्हणत.

गेल्या रविवारचं रीडिंग, अर्थात खालच्या ओळीतलं : पुढचा ६.८, ६.८, ६.९. मागचा ६.४, ६.४, ५.९. मागच्याची ती एक बाजू ५.५ वर आली, किंवा दोन बाजू एकदम पडल्या, की इंजिन खाली उतरवायचं असं वहीत लिहून ठेवलंय. हाउसिंगसाठी पैसे बाजूला टाकायला सुरुवात केलीय. तोपर्यंत पंपावर निर्धास्त गाडी बंद करतो, पण जुना सेल्फ अजून फेकलेला नाही.