सम्राट यंत्र की पितळी यंत्रराज, अचूक कोण?
काल रंकाळ्यावर मित्राशी हाच वाद झाला बघा. जयपूरचं सम्राट यंत्र, म्हणजे भलं मोठं सूर्यघड्याळ, 27 मीटर उंच, खुणा 2 सेकंदांच्या, म्हणून तो म्हणतो तेच भारी, पण सूर्याचं बिंबच अर्ध्या अंशाचं असतंय त्यामुळं सावलीची कड धूसर पडते आणि 2 सेकंद नुसत्या डोळ्यानं नीट धरता येत नाहीत, आडवा दोरा धरला तर जरा जमतं. यंत्रराज म्हणजे सूर्य-ताऱ्यांची उंची मोजून वेळ काढायचं उपकरण (अ‍ॅस्ट्रोलेब), हातातला, अर्धा अंश चुकला की साधारण 2 मिनिटं गेली, शिवाय जयपूरच्या 27 अंश अक्षांशाची तबकडी आपल्या कोल्हापूरच्या 16.7 ला चालत नाही, बदलावी लागते. तरी रात्री तारे बघून वेळ काढायला मी यंत्रराजच घेईन. दिवसा मात्र सम्राटच, त्यात वादच नाही.